खमंग वास येईपर्यंत

त्या वर्षी आईला वास येणं बंद झालं. उन्हाळ्यात एक ताप येऊन गेला, तसा तो तेव्हा घरोघरी येत होता, आणि जाताना तिचं नाक घेऊन गेला. तेव्हा कित्येकांचं असं झालं होतं, पण त्यांचं पंधरा दिवसांत, फार तर महिन्याभरात परत आलं. आईचं आलं नाही. आणि तिने ते घरात कुणालाही सांगितलं नाही, अवाक्षरसुद्धा काढलं नाही. जी बाई नुसत्या वासावर सांगायची की शेजारच्यांच्या आमटीत आज मीठ पडायचं राहिलंय, तिला उदबत्ती पेटली की विझली हे डोळ्यांनी बघावं लागत होतं. तिची सगळी भीती एकच होती. हे बाहेर कळलं तर दिवाळीच्या लाडवांचं काय होणार? आम्हाला ते शेवटी कळलं ते एका केकमुळे. ब्राउनीचे तीन थर आणि प्रत्येक थरावर कच्च्या कुकीच्या पिठासारखं लागणारं फ्रॉस्टिंग. माझी नात आता त्या केकला ‘आजीच्या काळातला’ म्हणते, जशी मी लहानपणी शंकरपाळ्यांना नाकं मुरडत असे. आम्हाला मात्र तेव्हा तो मोबाईलमधून उतरून आलेलं नवल वाटला होता.

आम्ही दहिसरला राहत होतो. आमची बैठी चाळ पाडून तिथे दोन इमारती झाल्या होत्या, एक आम्हा जुन्या भाडेकरूंची आणि समोर विकत घेणाऱ्यांचा चकाचक टॉवर. दोन्हींचं गेट एकच, बाग एकच, पण त्यांच्या लिफ्टमध्ये आरसा आणि आमच्या लिफ्टमध्ये ‘थुंकू नका’. चाळीत कुणाकडे काय शिजतंय हे सगळ्यांना माहीत असायचं. नव्या बिल्डिंगमध्ये दारं बंद झाली आणि माणसं एकमेकांना फक्त लिफ्टमध्ये भेटू लागली. त्या बंद दारांमधूनही जो बाहेर पडायचा तो आईच्या बेसनाचा वास. आठव्या मजल्यावर ती कढईशी उभी राहिली की तो वास जिन्यात यायचा, लिफ्टमध्ये शिरायचा आणि वर-खाली फिरत बसायचा. बायका तळमजल्यावरून फोन करायच्या, “मीनाताई, आमचे दोन डबे ठेवा हो.” आईने कधी पाटी लावली नाही की मोबाईलवर जाहिरात टाकली नाही. बाबा म्हणायचे, “तुज्या आयशीची जाहिरात लिफ्टच करता.” बाबा मालवणजवळचे, आयुष्य मुंबईत गेलं तरी खूश असले की गावच्या बोलीत शिरायचे. ते एका औषधांच्या गोदामात स्टोअर सांभाळायचे आणि घरी आल्यावर चहाआधी कढईत डोकवायचे.

आता मागे वळून बघताना खुणा किती होत्या ते दिसतं. आईला सोनचाफ्याचं वेड. श्रावणात बाजारातून येताना चार फुलं रुमालात बांधून आणायची, दोन देवाला, एक स्वतःच्या केसांत आणि एक माझ्या उशाशी. त्या श्रावणात चाफा आलाच नाही. तिच्या अंबाड्यावर रोज अबोलीचा गजरा दिसायला लागला. मी म्हटलंही, “अबोली काय गं, तिला वासच नसतो.” तर म्हणाली, “रंग बघ ना किती छान आहे.” बांगड्याच्या तिखल्यात एकदा इतकी तिरफळं पडली की बाबांची जीभ संध्याकाळपर्यंत बधिर होती. सुकटीच्या डब्याचं झाकण उघडं राहिलं आणि अख्ख्या मजल्यावर बोभाटा झाला; समोरच्या तावडेकाकू नाकाला पदर लावून आल्या आणि आई त्या डब्याशेजारीच निवांत भाजी निवडत बसलेली. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे लाडू बंद. कुणी मागितले की ती म्हणायची, “हात दुखतोय हो, बघू पुढे.” हात दुखतो म्हणणारी बाई रोज दोन नारळ खवत होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याऐवजी घरात केक सुरू झाले. आईने अचानक एक छोटा ओव्हन घेतला, एक डिजिटल काटा घेतला, आणि जिने आयुष्यात कधी चमचासुद्धा मोजला नव्हता ती बाई मैदा ग्रॅमवर तोलू लागली. काट्यावर आकडा एकाने पुढे सरकला तर चिमटीने पीठ परत काढायची. ओव्हनचा टायमर वाजेपर्यंत त्याच्या समोर स्टूल टाकून बसायची, परीक्षेला बसल्यासारखी. मी तेव्हा बारावीला होते आणि घरातली भाषांतरकार होते. व्हिडिओतल्या बायका इंग्रजीत भराभरा बोलायच्या आणि मी तो थांबवत थांबवत आईला मराठीत सांगायचे. मला वाटायचं, आईला फॅशनचं वारं लागलं. मी तिला चिडवायचेही, “मीनाताई केक शॉप, आमची कुठेही शाखा नाही.” ती हसायची. केकमध्ये सगळं वजनावर आणि घड्याळावर चालतं, तिथे नाक लागत नाही, हा तिचा हिशेब मला कुठून कळणार?

मग दसरा झाल्यावर समोरच्या टॉवरमधून हेमाबेन आल्या. आईच्या जुन्या गिऱ्हाईक. दर दिवाळीला त्यांच्या घरचे आणि त्यांच्या नणंदा-भावजयांचे लाडू आमच्याकडून जायचे. त्यांच्या नातीचा, जियाचा, वाढदिवस होता. त्यांनी मोबाईल आईपुढे धरला. “मीनाबेन, हे बघा. जियाला हाच केक पाहिजे. तीन मजल्याचा. ते वरती कुकीचा कच्चा पीठ असते ना, तेच तिला खायचाय. आपला एगलेस हां. तुमचा हात लागला की सगळा चांगलाच होते.” आणि उठता उठता म्हणाल्या, “आणि दिवालीचा लाडू लिहून घ्या. यावर्षी जास्त लागेल.” आईने केकला लगेच हो म्हटलं. लाडवांवर ती फक्त मान हलवून हसली. हो पण नाही, नाही पण नाही.

वाढदिवस शनिवारी संध्याकाळी होता. सकाळी बाबा कामावर गेले आणि आम्ही दोघी लागलो. चॉकलेट आणि लोणी गरम पाण्यावर वितळवलं, त्यात साखर, मग अंड्याऐवजी घुसळलेलं दही, मग मैदा आणि कोको. ते मिश्रण इतकं सुंदर चकाकत होतं की मी तीनदा बोट घातलं आणि तीनदा हातावर चापट खाल्ली. पहिला थर मात्र फसला. व्हिडिओतली बाई सांगत होती की ब्राउनी आत थोडी ओलसर राहायला हवी, टोचलेल्या काडीला थोडा गोळा लागला पाहिजे. मी ते सांगितलं, पण आईला पटेना. “काडीला पीठ लागतंय म्हणजे कच्चं आहे. कच्चं कुणाच्या घरी पाठवायचं नसतं.” तिने आणखी वेळ ठेवला, मग आणखी थोडा. बाहेर आला तो थर इतका कडक होता की ताटात ठेवल्यावर वाजला. आईने त्याचा एक तुकडा तोडून चावला आणि शांतपणे म्हणाली, “हा बाबांना. चहात बुडवून खातील.” पुढचे तीन मग तिने डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन, ओलसर असतानाच बाहेर काढले, आणि ते झकास झाले. वर पातळ पापुद्रा, आत मऊ. जाळीवर तिन्ही थर शेजारी शेजारी निवत होते आणि आई त्यांच्याकडे अभिमानाने बघत होती.

राहिलं होतं फ्रॉस्टिंग. मी व्हिडिओ पुढे लावला. मऊ लोणी आणि ब्राउन शुगर फेटायची, चिमूटभर मीठ, व्हॅनिला, थोडं दूध, चॉकलेट चिप्स. आणि मैदा. “कच्चा मैदा पोटाला बाधतो,” मी बाईच्या मागोमाग सांगत गेले, “म्हणून तो आधी कोरडाच भाजून घ्यायचा. मंद आचेवर.”

“किती मिनिटं?”

“मिनिटं नाही सांगितलीत. खमंग वास येईपर्यंत.”

आई काट्यावर मैदा घेत होती. तिचा हात थांबला. “परत बघ,” ती म्हणाली. “किती मिनिटं ते असेल कुठेतरी.” मी मागे नेऊन परत ऐकवलं. नव्हतं. मला ते गमतीचं वाटलं. म्हटलं, “आई, तुला कोण शिकवणार भाजायला? लाडवासारखं भाज की.” तिने एकदा माझ्याकडे बघितलं, मग कढई चढवली. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की चॉकलेट चिप्सचं पाकीट आणायचंच राहिलंय. मी चपला अडकवून खाली पळाले.

दुकान गेटबाहेरच होतं. परत आले, लिफ्टचं दार उघडलं आणि करपल्याचा वास आला. आमच्या त्याच लिफ्टमध्ये, जिथे बेसनाचा वास फिरायचा. आधी वाटलं कुणाची तरी पोळी करपली असेल. चौथ्या मजल्यावर तो वाढला, सहाव्यावर नाकात झोंबायला लागला, आणि आठव्यावर दार उघडलं तेव्हा मी धावतच सुटले. मला वाटलं, आई कढई तशीच ठेवून बाथरूममध्ये गेली असणार. पण आई ओट्यापाशीच उभी होती. कढईवर वाकलेली, नेहमीसारखी उलथनं फिरवत. तिच्या तोंडावर धूर येत होता आणि ती अगदी एकाग्र होऊन कढईत बघत होती.

“आई! अगं जळलंय ते!”

“थांब गं,” ती म्हणाली, मान वर न करता. “अजून बेसनाचा रंग कुठे आलाय?”

मैद्याला बेसनाचा रंग! नाक नव्हतं म्हणून ती डोळ्यांवर भाजत होती, आणि डोळ्यांना एकच रंग ठाऊक होता, वीस वर्षांच्या लाडवांचा. पांढरा मैदा तिथवर पोचेपर्यंत त्याची राख व्हायची बाकी असते. “वास येत नाही का तुला?” मी ओरडले. आपण एरवी ओरडतो तसंच, उत्तराची अपेक्षा नसताना.

आईने गॅस बंद केला. उलथनं कढईच्या काठावर ठेवलं. “नाही येत,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे नाही येत. त्या तापापासून. कसलाच नाही.”

मी चिप्सचं पाकीट ओट्यावर ठेवलं. अबोली, तिरफळं, सुकटीचा डबा, सगळं एकामागून एक डोक्यात यायला लागलं. “अगं, मग सांगितलं का नाहीस? डॉक्टरकडे तरी गेलो असतो.”

“काय सांगू?” आई स्टूलवर बसली. “लोकांची माणसं गेली गं पलू तेव्हा. दुसऱ्या मजल्यावरच्या सुर्व्यांचा तरणाताठा मुलगा गेला. त्या बाईसमोर मी जाऊन सांगू, की मला कढीपत्त्याचा वास येत नाही? हा काय आजार झाला?” मग पदराने कपाळ पुसत म्हणाली, “आणि सांगितलं असतं तर लाडू कोण घेणार माझ्याकडून? जिला वास येत नाही तिच्या हातचं कोण खाणार? तू हेमाबेनना फोन कर. म्हणावं, केक नाही जमत. आणि दिवाळीचंही सांगून टाक. लाडू बंद. कायमचे.”

तिने हे रडून सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती अगदी साध्या आवाजात बोलली, किराणा सांगावा तशी, आणि मलाच रडू फुटलं. चाळीतून इथे आलो तेव्हा तिने कशाचीच तक्रार केली नव्हती, ना खिडकीतून फक्त समोरच्या टॉवरची भिंत दिसते याची, ना ओळखीची माणसं विखुरली याची. तिचं म्हणून जे काही उरलं होतं ते त्या कढईत होतं, आणि ते ती स्वतःच्या हाताने बंद करत होती. मी डोळे पुसले, करपलेला मैदा केराच्या डब्यात ओतला, कढई घासली आणि परत गॅसवर ठेवली.

“माझं नाक आहे ना,” मी म्हटलं.

“तुझं नाक?” आईला त्याही परिस्थितीत हसू आलं. “शेजारी दूध उतू गेलं तरी तुला कळत नाही.”

“मग शिकव.”

ती उठली. नवा मैदा घेतला. या वेळी काट्यावर तोलला नाही, वाटीने घेतला. उलथनं तिच्या हातात, मी कढईवर वाकलेली. “आता कसला येतोय?” तिने विचारलं.

“पिठाचा. गिरणीत येतो तसा.”

“बरोबर. आता तो जाईल हळूहळू. मग काहीच येणार नाही. वास गप्प होतो. नवखी बाई इथेच फसते. तिला वाटतं काही होतच नाहीये, आणि ती गॅस मोठा करते. तिथे काही करायचं नाही. हलवत राहायचं आणि थांबायचं. मग दूध आटल्यासारखा येईल, आधी लांबून, दुसऱ्या कुणाच्या तरी घरातून आल्यासारखा. आणि मग तुझ्या तोंडाला पाणी सुटेल. ते सुटलं की मला सांग.”

ती बोलत होती आणि वास तिच्या बोलण्यापाठोपाठ येत होता, जसा ती सांगेल तसा. गिरणीचा गेला. मग खरोखरच काही नाही. मी घाबरले, म्हटलं, “आई, काहीच येत नाहीये.” ती म्हणाली, “येत नाहीये ना? मग बरोबर चाललंय.” उलथन्याचा आवाज तेवढा येत होता, आधी जड, मग सुटा सुटा. आणि मग कुठूनतरी दुधाचा आला. मी “दूध” म्हटलं तेव्हा आईने डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला. तिला काहीही आलं नसणार, पण तिचा चेहरा मी अजून विसरले नाही. “आता!” मी ओरडले. तिने गॅस बंद केला. मैदा जेमतेम सायीच्या रंगाचा झाला होता. आई बघून म्हणाली, “एवढाच? मी तर याला अजून पाळण्यातला समजले असते.”

“एक गोष्ट लक्षात ठेव,” मैदा चाळताना ती म्हणाली. “माझं नाक म्हणून उभी राहिलीस तर खोटं सांगायचं नाही. मला बरं वाटावं म्हणून तर मुळीच नाही. वाईट आला तर वाईट सांग.”

फ्रॉस्टिंग फेटताना तिने सवयीने वेलचीची पूड हातात घेतली होती, ती मी वेळेवर काढून घेतली. थरावर थर चढले. मधला जरा कलंडला, त्याला आईने तळहाताने धोपटून सरळ केलं, भाकरी थापावी तसं. तीन मजली केक दोघींनी मिळून समोरच्या टॉवरमध्ये नेला, मी खाली धरून, ती वर पदर आडवा करून. जियाने मेणबत्त्या विझायच्या आतच बोट घातलं. हेमाबेननी एक घास खाल्ला, आणखी एक खाल्ला, आणि म्हणाल्या, “मीनाबेन, हे तर तुमच्या लाडूसारखाच लागते!” आईने माझा हात दाबला, चांगला दुखेपर्यंत. मग म्हणाली, “दिवाळीचे किती डबे लिहू?”

परत येताना आमच्या लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. दार लागल्यावर आईने हळूच विचारलं, “अजून येतोय का गं?” माझ्या तोंडावर ‘नाही’ आलं होतं, पण सकाळचं बोलणं आठवलं. म्हटलं, “येतोय. करपल्याचा. चांगलाच येतोय.” आई एकदम हसायला लागली, लिफ्टच्या भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “म्हणजे सगळ्या बिल्डिंगला कळलं असेल,” ती म्हणाली. “वाट लागली माझी.” पण ती हसतच होती.

घरी पोचल्यावर बाबांना सांगायचं ठरलं. ते चहात तो कडक थर बुडवून खात बसले होते. आईने सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, “माका म्हायत होता.” तेव्हा माझी ट्यूब पेटली. अबोलीचा गजरा रोज बाजारातून बाबाच आणत होते. आई आत गेल्यावर मी त्यांना विचारलं, “मग बोलला का नाहीत तिला?” तर ब्राउनीचा तुकडा बोटाने चहातून शोधत म्हणाले, “सांगतली तेवा सांगतली.”

त्या दिवाळीला लाडू झाले. आई भाजायची आणि मी पुस्तक मांडीवर घेऊन ओट्यावर बसायचे. गिरणी, गप्प, दूध, आता. तिचं नाक पुढे थोडंफार परत आलं, तेही आधी फिनेलला आणि सुकटीला, चाफ्याला शेवटपर्यंत नाही. माझं लग्न होऊन मी जवळच बोरिवलीला राहिले, त्याला इतरही कारणं होती, पण हे एक होतं. म्हातारपणी ती माझ्याकडे आली, अंथरुणाला खिळली, आणि स्वयंपाकघरात कढईचा आवाज झाला की आतून ओरडायची, “कुठवर आलं गं?” मी बाहेरून सांगायचे. मग ती आतून म्हणायची, “अजून आहे. थांब.”

आता आतून कुणी विचारत नाही. पण सवय जात नाही. भाजताना मी मोठ्याने सांगतच असते. परवा नातीच्या वाढदिवसाला तोच केक करायचा होता, त्यासाठी मैदा भाजत होते. ती दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, “आजी, कुणाशी बोलतेस?” मी तिला जवळ ओढलं, कढईवर वाकवलं आणि विचारलं, “काय येतोय?”

“काहीच नाही,” ती म्हणाली. “गॅस मोठा करू?”

“नको,” मी म्हटलं. “आता तो गप्प आहे. थांब.”